विशेष शिक्षणातील विद्यार्थी-शिक्षक वर्तनाचा परस्परप्रभाव

विशेष गरजा असलेल्या मुलांच्या वर्गात शिक्षकाचे वर्तन विद्यार्थ्याला जसे वळण लावते, तसेच विद्यार्थ्याचे वर्तनही शिक्षकाच्या शिकवण्याला वळण लावत असते. या दुहेरी प्रक्रियेला परस्परप्रभाव म्हणतात. मोठ्यांनी घडवावे आणि मुलांनी घडावे, ही समजूत फार जुनी आहे. मुलेही मोठ्यांना घडवतात, हा मुद्दा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बेल यांनी १९६८ मध्ये ठामपणे मांडला. पुढे आर्नोल्ड सॅमेरॉफ यांनी मूल आणि त्याच्या भोवतीची माणसे एकमेकांना बदलत जातात, असे सांगणारे प्रतिमान विकसित केले.

या प्रक्रियेचे सर्वांत घातक रूप वरकरणी निरुपद्रवी दिसते. शिक्षिका अक्षरांची कार्डे पुढे ठेवते. मूल ती भिरकावते, किंचाळते, स्वतःच्या मनगटाला चावते. शिक्षिका कार्डे उचलून घेते आणि मूल शांत होते. त्या क्षणी दोघांचीही सुटका झालेली असते. नकोशी गोष्ट टळल्यामुळे ती टाळणारे वर्तन बळावते, याला ऋण प्रबलन म्हणतात, आणि येथे ते दोन्ही बाजूंनी घडते : किंचाळल्यावर काम टळते हे मूल शिकते आणि काम काढून घेतले की किंचाळणे थांबते हे शिक्षिका शिकते. आक्रमक मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना जेराल्ड पॅटरसन यांना अशीच साखळी आढळली होती.

शिकवणे असे हळूहळू आक्रसते, हे एडवर्ड कार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रयोगाने दाखवले. प्रौढ व्यक्तींना एकाच वेळी दोन मुलांना शिकवायला सांगितले असता, तीव्र वर्तनसमस्या असलेल्या मुलाला त्यांनी कमी शिकवले आणि शिकवताना ज्या कृतींमुळे ते मूल फारसे बिथरत नाही त्याच कृती निवडल्या. या निष्कर्षाचे गांभीर्य पुरेसे लक्षात घेतले जात नाही. ज्या मुलाला शिकवण्याची सर्वाधिक गरज आहे त्याच्याच वाट्याला ते सर्वांत कमी येते, आणि त्यात कोणाचाही वाईट हेतू नसतो.

शांत मुलाच्या बाबतीत हीच प्रक्रिया लक्षात येणे आणखी कठीण असते. बोलण्यास विलंब लागणारे किंवा चित्रफलकाच्या साहाय्याने संवाद साधणारे मूल उत्तर जुळवत असतानाच शिक्षक स्वतः उत्तर देऊन टाकतो, मूल थांबायला शिकते, आणि त्याचे थांबणे पाहून शिक्षक पुढच्या वेळी आणखी लवकर मदत करतो. सर्वसाधारण वर्गांच्या निरीक्षणात मेरी बड रो यांना असे आढळले होते की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सुमारे १ सेकंदच थांबतात. हा अवधी ३ सेकंदांपर्यंत वाढवला असता विद्यार्थ्यांची उत्तरे अधिक लांब आणि विचारपूर्वक होऊ लागली. ज्या मुलाला एका शब्दासाठी याहूनही जास्त वेळ लागतो, त्याच्यासाठी शिक्षकाची घाई म्हणजे बोलण्याची संधीच हिरावणे होय.

प्रभाव उलट दिशेनेही मुद्दाम वापरता येतो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीस पॉल ग्राउबार्ड, हॅरी रोझेनबर्ग आदींनी अमेरिकेतील विशेष वर्गातील विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या नजरेला नजर देणे, समजावून सांगितल्याबद्दल आभार मानणे, मदत मागणे अशी कौशल्ये शिकवली. त्यानंतर शिक्षकांचे त्यांच्याशी बोलणे अधिक अनुकूल झाले. अर्थात संबंध सुधारण्याचा भार मुलांवर टाकणे योग्य नाही. वर्गातील अधिकार समान नसतात आणि पहिले पाऊल प्रौढानेच उचलायला हवे.

साखळी तोडण्यासाठी आधी वर्तनाचे कार्य शोधले जाते, म्हणजे त्या वर्तनातून मुलाला काय मिळते किंवा त्याचे काय टळते हे पाहिले जाते. अमेरिकेच्या अपंग-शिक्षण कायद्यात १९९७ पासून शिस्तभंगाच्या ठरावीक प्रसंगी असे मूल्यमापन बंधनकारक आहे. निरीक्षणाच्या तक्त्यात आधी काय घडले, मुलाने काय केले आणि नंतर काय घडले, असे तीन रकाने असतात. पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा शिक्षकाचीच कृती नोंदली जाते. म्हणून ही नोंद दुसऱ्या प्रौढाने केलेली बरी. कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये दाखवलेला मार्ग आजही उपयोगी आहे : काम कठीण वाटले की किंचाळण्याऐवजी मदत मागण्याचे शब्द, हातवारे किंवा चित्रकार्ड मुलाला शिकवायचे आणि त्या मागणीला तत्काळ प्रतिसाद द्यायचा.

किंचाळण्याने काम टळणे बंद झाले की सुरुवातीला ते किंचाळणे वाढू शकते. नेमक्या त्या वेळी थकलेल्या शिक्षकाने माघार घेतली, तर अधिक जोरात किंचाळल्याने काम टळते, असाच धडा मुलाला मिळतो. त्यामुळे योजनेच्या पहिल्या टप्प्यात वर्गात दुसरा मदतनीस ठेवणे आणि शिक्षकाला रोज सहकाऱ्याशी बोलण्यासाठी वेळ देणे, हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.