नॉर्दर्न टेरिटरीत ॲबोरिजिनल जमिनीवर जाताना : परमिट कोणाकडून, कसं घ्यायचं

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतली जवळपास निम्मी जमीन तिथल्या ॲबोरिजिनल लोकांच्या मालकीची आहे. 1976च्या जमीन हक्क कायद्याखाली त्यांना ती परत मिळाली. आपल्याकडे अरुणाचलचं इनर लाइन परमिट सरकार देतं. इथं मात्र परवानगी मालकाची, आणि त्याच्या वतीनं लँड कौन्सिल ती देते. त्यामुळे व्हिसा असला तरी परमिट वेगळं काढावंच लागतं.

आधी नकाशा, मग अर्ज. डार्विन ते ॲलिस स्प्रिंग्स हा स्टुअर्ट हायवे परमिटशिवाय चालतो. उलुरू या प्रसिद्ध खडकालाही फक्त उद्यानाचं तिकीट पुरतं. आर्नेम लँडसाठी नॉर्दर्न लँड कौन्सिल, ॲलिस स्प्रिंग्सच्या बाजूला सेंट्रल लँड कौन्सिल. तिवी बेटं आणि ग्रूट आयलंड यांच्या कौन्सिली स्वतंत्र. सगळ्यात फसवा ग्रेट सेंट्रल रोड. उलुरूजवळच्या युलारापासून वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या लेव्हर्टनपर्यंत सुमारे 1,100 किलोमीटर, मध्ये राज्याची हद्द बदलते, म्हणून परमिटंही दोन : टेरिटरीच्या तुकड्याचं सेंट्रल लँड कौन्सिलचं, पुढचं वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचं. एकच काढून निघणारे बरेच.

अर्ज ऑनलाइन भरता येतो. प्रत्येक प्रवाशाचं नाव, तारखा, नेमका मार्ग, जाण्याचं कारण आणि गाडीचा नोंदणी क्रमांक लागतो. भाड्याच्या गाडीचा क्रमांक आधी कळत नाही, तिथं अर्ज अडकतो. कौन्सिलला तसं कळवून क्रमांक नंतर द्यायचा. नुसतं रस्त्यानं पार जायचं परमिट सोपं. वस्तीत थांबायचं असेल तर मालकांना विचारावं लागतं, म्हणून वेळ जातो. चित्रीकरण, बातमीदारी किंवा संशोधन असेल तर ‘पर्यटन’ लिहू नका, त्याची परवानगी निराळी. ॲलिस स्प्रिंग्सच्या पश्चिमेकडून किंग्ज कॅन्यन या दरीकडे जाणाऱ्या मेरीनी लूप रस्त्याचा पास मात्र ॲलिस स्प्रिंग्सच्या पर्यटन केंद्रात किंवा किंग्ज कॅन्यनला तिथल्या तिथं विकत मिळतो. त्या रस्त्यावर मुक्काम करता येत नाही.

परमिट हातात आलं तरी रस्ता सोडायचा नाही. पवित्र स्थळांना 1989चा वेगळा कायदा लागू आहे, तिथं परमिट दाखवून चालत नाही. दारू बहुतेक ठिकाणी बंद, गाडीच्या डिकीत ठेवलेलीही. वस्तीत कोणी वारलं की सुतक पाळलं जातं आणि मंजूर परमिटही रद्द होऊ शकतं. एखादा दिवस हाताशी ठेवा.

मासेमारीला जाणाऱ्यांसाठी : ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाच्या 2008च्या ब्लू मड बे निकालानं या जमिनींलगतच्या भरती-ओहोटीच्या पाण्यालाही परवानगी लागू झाली.

आर्नेम लँडमधल्या गनबलान्या वस्तीला काकाडू राष्ट्रीय उद्यानातून जाताना केहिल्स क्रॉसिंग हा नदीचा उतार लागतो. पाण्यातून गाडी न्यायची, आणि नदीत मगरी. निघण्याआधी भरतीची वेळ तपासा. भाड्याच्या गाडीचा करारही वाचा : बऱ्याच करारांत कच्च्या रस्त्यावर विमा लागू होत नाही.