मर्दानी खेळ (बेळगाव सीमाभाग)

लाठी, फरी-गदका, पट्टा (लांब, लवचीक पात्याची तलवार), भाला, विटा (दोरी बांधलेला फेकायचा भाला) अशा शस्त्रांनी लढण्याची दख्खनी विद्या. कोल्हापूर हे तिचे मुख्य केंद्र. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात वैशाखातल्या शिवजयंतीला चित्ररथांपुढे हलगीच्या ठेक्यावर हे खेळ चालतात. कन्नड गावांत तालमीला ‘गरडी मने’ म्हणतात.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ (सुमारे ११२९) या ग्रंथात मल्लयुद्ध व शस्त्रकौशल्याचे वर्णन आहे. बेळगाव भागातले रट्ट घराण्याचे राजे याच चालुक्यांचे मांडलिक. सतराव्या शतकात मराठा फौजेत पट्टा व भाला गाजले. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्याराला परवाना लागू लागला. शेतकऱ्याच्या हातची काठी मात्र कुणाला काढून घेता आली नाही, म्हणून शिक्षणाचा पाया लाठीच राहिला.

लाठीसाठी भरीव, जून वेळू घ्यावा. उभे राहिल्यावर कानापर्यंत उंची, मुठीत धरल्यावर अंगठा बोटांना टेकेल एवढी जाडी. कोवळा वेळू कापला तर त्याला भुंगा लागतो. पेरे तासून काठी सावलीत वाळवतात, मग तेल मुरवतात. कोरडी काठी उभी चिरते आणि तिचे कुसळ तळव्यात शिरते.

आधी पवित्रा, मग वार. गुडघे किंचित वाकवून पावले सरकवायची. पाय एकमेकांवरून गेला की हलक्या धक्क्यानेही तोल जातो. नवशिका मूठ आवळतो आणि खांद्यातून काठी फिरवतो, त्यामुळे मनगट अडते व हात लवकर दमतो. मिरवणुकीतली वेगवान फिरकी देखणी असते, पण तिने स्वसंरक्षण होत नाही. अंतर राखणे, समोरच्याच्या हाताच्या मनगटावर वार करणे आणि टोकाने ढोसणे हेच खऱ्या प्रसंगी उपयोगी पडते, आणि नेमके तेच शिकवायचे राहून जाते.

ही उणीव फरी-गदक्याने भरून निघते. चामडी आवरणाची काठी (गदका) आणि छोटी ढाल (फरी) घेऊन जोडीदारावर खरे वार करायचे: डोक्यावरचा वार म्हणजे शीर, गालावरचा तमाचा. वार अंगावर येऊ लागले की अंतराचा अंदाज आपोआप बसतो.

पट्टा शेवटी. त्याचा खोबळा (मुठीवरचे धातूचे आवरण) कोपरापर्यंत हात झाकतो, मनगट वळत नाही. वार खांदा व कमरेतून काढावा लागतो. म्हणून तलवारीत तयार झालेलाही इथे पहिल्यांदा अडखळतो. पाते लवचीक असल्याने कापायला उत्तम, भोसकायला मात्र कमजोर; ते परत उसळण्याचा धोका असल्याने सरावात दोन्ही बाजूंना मोकळे रिंगण ठेवतात.