लायपोसक्शनच्या आधी आणि नंतर : प्रेशर गारमेंटच्या ग्राहकांसाठी माहिती

सदाशिव पेठेतील आमच्या छोट्या कार्यशाळेत शस्त्रक्रियेनंतर वापरायचे प्रेशर गारमेंट, म्हणजे अंगावर दाब देणारे घट्ट इलॅस्टिकचे कपडे, मापाप्रमाणे शिवून मिळतात. माप द्यायला आलेले ग्राहक कपड्यापेक्षा शस्त्रक्रियेविषयीच अधिक विचारतात, म्हणून हे पत्रक काढले आहे. आम्ही डॉक्टर नाही. आपल्या प्लास्टिक सर्जनांनी येथे लिहिल्यापेक्षा वेगळे सांगितले असेल, तर त्यांचेच ऐकावे.

पहिला प्रश्न बहुधा वजनाचा असतो. लायपोसक्शन ही वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया नव्हे. बारीक पोकळ नळीने त्वचेखालची चरबी तेवढी ओढून काढली जाते. पोटाच्या स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती साठलेल्या चरबीला ती नळी लावता येत नाही. ज्यांचे पोट पुढे आलेले, पण टणक आहे आणि चिमटीत फारसे येत नाही, त्यांना सर्जन नकार देतात तो याच कारणाने, आणि असा नकार देणारा सर्जन आम्हाला अधिक विश्वासाचा वाटतो. चरबी काढण्याआधी सलाइनमध्ये लिग्नोकेन व अ‍ॅड्रेनॅलिन मिसळून ते त्वचेखाली भरतात, त्यामुळे वेदना व रक्तस्राव कमी होतो. काढलेली चरबी ज्या बाटलीत जमा होते, तिच्यात दिसणाऱ्या लिटरमध्ये या द्रवाचाही वाटा असतो.

तंबाखू, सिगारेट आणि मिश्रीसुद्धा किमान चार आठवडे आधी बंद करावी, कारण निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात व जखम भरायला वेळ लागतो. चालू असलेल्या सर्व औषधांची, आयुर्वेदिक गोळ्या व व्हिटॅमिन ई धरून, यादी सर्जनना द्यावी. मात्र हृदयविकारासाठी सुरू असलेली रक्त पातळ करणारी गोळी मनाने थांबवू नये. भूल देणार असतील तर सहा तास आधीपासून काही खायचे नसते, आणि दुधाचा चहा खाण्यातच धरला जातो. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विम्यातून मिळत नाही.

शस्त्रक्रियेनंतर पहिले एक-दोन दिवस नळीच्या छिद्रांमधून गुलाबीसर पाणी झिरपते. ते आत भरलेले द्रव बाहेर येत असते, तेव्हा घाबरू नये. गादीवर मेणकापड व जुनी चादर घालून ठेवावी. काळेनिळे डाग दोन-तीन आठवड्यांत फिके पडतात. सूज मात्र हळू उतरते, आणि पहिल्या आठवड्यात वजनकाटा उलट थोडा अधिक आकडा दाखवू शकतो. खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात, त्यामुळे लग्नसमारंभाची तारीख गाठायची असेल तर हा हिशेब आधीच करावा. काही भागांत बधिरपणा किंवा गाठीसारखा कडकपणा काही आठवडे राहतो.

आता आमच्या कामाविषयी. गारमेंट साधारण चार ते सहा आठवडे वापरावे लागते, सुरुवातीला दिवसरात्र. त्याने चरबी कमी होत नाही. सैल झालेली त्वचा खालच्या थराला चिकटून बसावी आणि आत पाणी साठू नये, एवढेच त्याचे काम. म्हणून मुद्दाम एक माप लहान मागू नये. पायाला मुंग्या आल्या किंवा खालचा भाग सुजला, तर ते फार घट्ट आहे. कापडाला घडी पडली की तिचा वळ त्वचेवर उमटतो. दर वेळी हात फिरवून ते सपाट करावे. प्रथम काढताना दाब एकदम सुटल्याने चक्कर येऊ शकते, म्हणून स्टुलावर बसून, घरातले कोणी जवळ असतानाच काढावे. दोन नग घ्यावेत असे आम्ही सुचवतो, कारण पुण्याच्या पावसाळ्यात एक दिवसात ते वाळत नाही आणि इस्त्री किंवा ड्रायरने इलॅस्टिक मरते. थंड पाण्यात हाताने धुवावे, पिळू नये, सावलीत वाळवावे. सूज उतरल्यावर सैल झाले तर घेऊन यावे. आम्ही शिवण आत घेऊन देतो.

शस्त्रक्रियेच्या दिवसापासूनच घरात थोडे थोडे चालावे, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. साताऱ्याहून, नगरहून येणाऱ्यांनी परतण्याचा दिवस सर्जनना विचारूनच ठरवावा आणि गाडी दर तासाला थांबवून चार पावले चालावे. दम लागणे, छातीत दुखणे, एकाच पोटरीला सूज व वेदना, ताप, दुर्गंधी येणारा स्राव किंवा वाढत जाणारी लाली यांपैकी काहीही दिसल्यास आम्हाला फोन करण्यात वेळ न घालवता थेट रुग्णालयात जावे, रात्र असली तरी.