ठिणगी आली कुठून?

गळणारा हायड्रोजन पेटतो, पण तो कशाने पेटला हे बऱ्याचदा सापडतच नाही. हा तिढा शंभर वर्षांचा आहे.

१९२२ च्या सुमारास जर्मनीत २१ बार दाबाचे सिलिंडर हवेत मोकळे करताना हायड्रोजनचे झोत आपोआप पेटत होते. उष्णताशास्त्रात ज्यांच्या नावाचा अंक विद्यार्थी आजही घोकतात, त्या विल्हेल्म नुसेल्ट यांनी याचा माग काढला. सिलिंडरमध्ये गंज होता. अंधारात झोतापाशी विजेची मंद आभा दिसे आणि नळीवर ठोकून धूळ उडवली की ती वाढे. संशय स्थिर विजेवर गेला, आणि तो रास्त होता. हायड्रोजन पेटायला जेमतेम ०.०२ मिलिजूल पुरतात. हिवाळ्यात स्वेटर काढताना उडणारी ठिणगीसुद्धा त्याला पुष्कळ झाली.

दुसरा खुलासा म्हणजे, प्रसरण पावताना हायड्रोजन थंड न होता तापतो. तापतो खरा, पण किंचितच. पेटायला पाचशेहून अधिक अंश सेल्सिअस लागतात.

१९७२ मध्ये पोलंडच्या वोलान्स्की आणि वोइचित्स्की यांनी वेगळीच वाट दाखवली. प्रचंड दाब एका क्षणात सुटला की पुढच्या हवेत आघात-तरंग धावतो. त्याने हवा भाजून निघते आणि हायड्रोजन तिच्यात मिसळतो तिथेच पेट घेतो. ठिणगी लागतच नाही. अर्थात हे अचानक फुटण्याला लागू. बारीक गळतीला नाही.

मात्र लगेच पेटलेला वायू ज्वालेचा झोत होऊन जळतो. खरी भीती उशिरा पेटण्याची, कारण तोवर ढग साठतो. ३ मार्च १९८३ ला स्टॉकहोमच्या ब्राहेगातान रस्त्यावर एकमेकांना जोडलेल्या १८ सिलिंडरांतून सुमारे साडेतेरा किलो हायड्रोजन निसटला आणि इमारतींमध्ये अडकला. तो पेटला तेव्हा १६ जण जखमी झाले. उघड्यावर तो हलका म्हणून वर निघून जातो, हा दिलासा अशा गल्लीत कामाचा नाही.

नॉर्वेत ऑस्लोजवळच्या सांडविका इथलं हायड्रोजन इंधन केंद्र तर उघड्यावरच होतं. १० जून २०१९ ला तिथे स्फोट झाला. जवळच्या मोटारीतल्या एअरबॅग धक्क्याने उघडल्या आणि दोघांना किरकोळ दुखापत झाली. चौकशीत कारण निघालं ते साधंच: उच्चदाब टाकीच्या प्लगचे आतले बोल्ट पुरेसे आवळलेले नव्हते. आधी बारीक गळती, मग सील झिजलं, मग प्लगच उचलला गेला.