नेट गेलं तरी गाणं चालू: घरातल्या घरात संगीताचा सर्व्हर

राउटरवर लाल दिवा लागला की घरात एकच ओरड होते, "वायफाय गेलं!" वायफाय कुठेही गेलेलं नसतं. गेलेलं असतं ते नेट, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी. रस्त्याच्या खोदकामात किंवा वळवाच्या वादळात केबल तुटते, पण राउटर आणि घरातले मोबाइल यांच्यातलं बिनतारी जाळं शाबूत असतं. राउटरने प्रत्येक उपकरणाला बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा एक घरगुती पत्ता दिलेला असतो आणि त्या पत्त्यांवरची देवाणघेवाण उंबरठ्याबाहेर जातच नाही. खानदेशातल्या यावलच्या एखाद्या घरात तीन खोल्यांत तिघांनी अ‍ॅपवर एकच गाणं लावलं, तर ते शेकडो किलोमीटरवरून तीनदा येतं. तेच गाणं घरातल्या एखाद्या संगणकात असेल आणि तो मागेल त्याला ते देत असेल, तर काम दहा-वीस फुटांत भागतं. असं मागितलं की देणारं यंत्र म्हणजे सर्व्हर.

हे काम किती जड आहे, हे सीडीच्या आकड्यांवरून कळतं. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि डावा-उजवा असे दोन चॅनल. गुणाकार केला तर सेकंदाला साधारण १४ लाख बिट, म्हणजे १.४ एमबीपीएस. साधं घरगुती वायफाय याच्या कितीतरी पट माल सहज वाहून नेतं. फ्लॅक नावाच्या पद्धतीने फाइल आवळली, तर एकही बिट न गमावता ती साधारण निम्मी ते साठ टक्के होते. पाच मिनिटांचं गाणं ५३ एमबीवरून तीसेक एमबीवर येतं आणि १२८ जीबीच्या कार्डावर अशी चारेक हजार गाणी मावतात.

मग गाणं अडखळतं का? वायफायवर माल एकसारखा येत नाही, म्हणून. शेजारच्यांचा राउटर, मायक्रोवेव्ह, ब्लूटूथ हे सगळे त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलत असतात. एखादं पाकीट, म्हणजे मालाचा छोटा तुकडा, हरवतं, ते पुन्हा मागवावं लागतं. उपाय म्हणजे बफर, थोडा माल आधीच साठवून ठेवणं. चार-चार दिवसांनी नळ येणाऱ्या आपल्या गावांत टाकीचं महत्त्व कुणाला शिकवायला नको. नळाचं वेळापत्रक काहीही असो, टाकीत पाणी असेल तोवर मोरीतली धार तुटत नाही.

ब्लूटूथ स्पीकर आहेच की, मग हा खटाटोप कशाला, असं कुणीही विचारेल. ब्लूटूथमध्ये गाणं मोबाइलमधून जातं. तुम्ही मोबाइल घेऊन गच्चीवर गेलात की ते तुटतं, फोन आला की थांबतं, शिवाय पाठवताना ते पुन्हा एकदा दाबलं जातं. सर्व्हरच्या मांडणीत मोबाइल फक्त रिमोट असतो. गाणं सर्व्हरकडून थेट स्पीकरला जोडलेल्या यंत्राकडे जातं.

यंत्र कुठलं घ्यायचं? माझं मत स्पष्ट आहे: घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर नवीन काही घेऊ नका. कीबोर्डची चार बटणं गेलेली असोत, स्क्रीनला तडा असो, गाणी पुरवायला त्याला दोन्ही लागत नाहीत. त्यात बॅटरी असते, म्हणून लाइट गेली तरी तो बंद पडत नाही. मात्र राउटर बंद पडतो, हे लोक विसरतात. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि तेवढ्यासाठीचा छोटा यूपीएस बाजारात मिळतो. लॅपटॉपचं झाकण लावलं की तो झोपू नये, अशी सेटिंग करून ठेवा. बॅटरी ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर तीही सुरू करा. बारा महिने चोवीस तास पूर्ण चार्ज राहिलेली बॅटरी फुगू शकते, आणि उन्हाळ्यात लवकर.

लॅपटॉप नसेल तर रास्पबेरी पाय. २०१२ साली आलेला हा एका पाटीवरचा संगणक. त्याचा धाकटा भाऊ, झीरो २ डब्ल्यू, २०२१ मध्ये १५ डॉलरला जाहीर झाला. आपल्याकडे तो त्याहून महाग पडतो आणि चार्जर, कार्ड वेगळं घ्यावं लागतं. विजेचा हिशोब मात्र त्याच्या बाजूने आहे. ३ वॉटचं यंत्र वर्षभर अखंड चाललं तर २६ युनिट लागतात, १५ वॉटच्या लॅपटॉपला १३१, आणि ६० वॉट खाणाऱ्या जुन्या डेस्कटॉपला ५२५. म्हणून फुकट मिळालेला डेस्कटॉप हा सगळ्यांत महागडा सर्व्हर.

पायच्या दोन खोडी ठाऊक असाव्यात. लिहिणं चालू असताना अचानक लाइट गेली तर त्याच्या एसडी कार्डावरच्या फायली बिघडू शकतात. दुसरी खोड उष्णतेची. चिप ८० अंशांवर गेली की पाय आपला वेग आपणहून कमी करतो. भुसावळात मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीतली हवाच पंचेचाळीसच्या पुढे जाते, तेव्हा बंद प्लॅस्टिकच्या डबीत त्याला कोंडू नका. गाणी वाटायला त्याला डोकं फार चालवावं लागत नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

खानदेशातल्या घरांत खरी अडचण भिंतींची आहे. जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घराची मातीची भिंत हात-दीड हात जाड असते. वायफायची लहर २.४ गिगाहर्ट्झला साडेबारा सेंटीमीटर लांब, ५ गिगाहर्ट्झला सहाच्या आसपास. जाड मातीतून जाताना दोन्ही शक्ती गमावतात, ५ वाली जास्त. पावसाळ्यात माती ओलावली की आणखी, कारण पाणी या लहरी शोषतं. धाब्यावर टाकलेल्या खारीत, म्हणजे खाऱ्या मातीत, क्षार असतात, ती भिजली की वरच्या खोलीकडे जाणारी वाट अधिकच बिकट होते. पत्र्याचं दुखणं वेगळं: धातू लहर शोषत नाही, परतवून लावतो. अशा घरात राउटर दिवाणखान्यात मिरवण्यापेक्षा मधल्या दारासमोर टांगलेला बरा. तेवढ्याने भागलं नाही, तर एक लॅनची वायर भिंतीतून ओवून पलीकडे दुसरा राउटर लावावा.

आता यातला सगळ्यांत रंजक भाग. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी जमल्यात, एक स्पीकर ओट्यावर, एक मागच्या अंगणातल्या झोक्याजवळ, आणि दोन्हीकडे एकच गाणं हवंय. दोन्ही यंत्रांवर एकाच क्षणी बटण दाबलं तरी थोड्या वेळाने गाणं दुहेरी ऐकू येऊ लागतं. कारण प्रत्येक यंत्राचं घड्याळ म्हणजे क्वार्ट्झचा एक स्फटिक, आणि कोणतेही दोन स्फटिक हुबेहूब सारखे कंप पावत नाहीत. एक दहा लाखांत २० ने पुढे आणि दुसरा तेवढाच मागे असेल, तर मिनिटाला २.४ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. तासाभरात ते १४४ वर जातं. इतक्या अंतराला कान दोन वेगळे आवाज ऐकतो.

स्नॅपकास्ट नावाची मोफत प्रणाली यावर उपाय करते. सर्व्हर आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर 'हा अमुक क्षणी वाजवा' अशी वेळ लिहितो. प्रत्येक स्पीकरचं यंत्र सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ पुन्हा पुन्हा पडताळतं आणि मागे-पुढे झालं असेल तर एखादा नमुना गाळतं किंवा दोनदा वाजवतं. एक नमुना म्हणजे २३ मायक्रोसेकंद. वरच्या उदाहरणात दर सेकंदाला दोनेक नमुन्यांची उचलठेव पुरते आणि ती कानाला कळत नाही. किंमत एवढीच की बटण दाबल्यावर गाणं सेकंदभर उशिरा सुरू होतं. घड्याळं जुळली तरी हवेतलं अंतर उरतंच: ४२ अंश तापलेल्या हवेत आवाज सेकंदाला ३५५ मीटरच्या आसपास धावतो, म्हणजे दहा मीटरवरच्या स्पीकरचा सूर २८ मिलिसेकंद उशिरा पोचणार. तिथे सगळ्या जागांना पुरेल असा सॉफ्टवेअरचा इलाज नाही, स्पीकर जवळ घ्यावा लागतो.

सर्व्हरचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मोबाइलवर ऐकायचं तर नॅव्हिड्रोम सुटसुटीत आहे. खोल्याखोल्यांतल्या स्पीकरसाठी लिरियन. लिरियनचा इतिहास मला आवडतो. २००१ च्या सुमारास एका छोट्या अमेरिकी कंपनीने जाळ्यावरून गाणी वाजवणारी डबी काढली, २००६ मध्ये लॉजिटेकने ती कंपनी घेतली, २०१२ मध्ये डब्या बंद केल्या. पण सर्व्हरचा कोड खुला होता, वापरणाऱ्यांनी तो चालू ठेवला आणि २०२४ मध्ये त्याला हे नवं नाव मिळालं. नवख्याला फक्त एक ताकीद: गावाबाहेरून ऐकता यावं म्हणून राउटरचे पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची दारं, उघडून ठेवू नका, व्हीपीएन, म्हणजे घरापर्यंतची खाजगी कुलूपबंद वाट, वापरा.

आणि यात भरायचं काय? सिनेमाची गाणी अ‍ॅपवर आहेतच. पण लग्नात टेपरेकॉर्डर मध्ये ठेवून भरलेली हळदीची अहिराणी गाणी, श्रावणातल्या कानबाई देवीच्या रात्री, आजीच्या जात्यावरच्या ओव्या कुठल्याच अ‍ॅपवर नसतात. त्यांच्यासाठी टेपरेकॉर्डरच्या हेडफोन जॅकमधून वायर काढून लाइन-इन असलेल्या यूएसबी साउंड कार्डात घाला. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात नको, तिथे आवाज फाटतो. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करण्याआधी एक काम करा. प्ले दाबल्यावर हेडच्या, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाच्या, शेजारी एक बारीक स्क्रू दिसतो, तो केसभर इकडेतिकडे फिरवा. एका जागी बांगड्यांचा आवाज अचानक लख्ख होतो. त्या कॅसेटपुरती हेडची तीच योग्य दिशा. यापुढे सॉफ्टवेअरने कितीही घासलं तरी जे मिळत नाही ते इथे मिळतं.

अशा फायली फ्लॅकमध्ये म्हणाव्या तितक्या आवळत नाहीत. फ्लॅक मागच्या नमुन्यांवरून पुढचा ओळखतं, पण कॅसेटची खरखर म्हणजे निव्वळ यदृच्छा, तिचा अंदाज बांधता येत नाही. टेपरेकॉर्डर एका माइकचा असेल तर दोन चॅनलचा एक करा, आकार कमी होईल.

फाइलच्या टॅगमध्ये गाणारीचं नाव, गाव आणि साल लिहा. गावाचं नाव सगळीकडे एकाच पद्धतीने. अमळनेर आणि अंमळनेर ही सर्व्हरच्या लेखी दोन गावं आहेत. सगळं भरून झालं की एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या घरी ठेवा. सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे.