स्वयंसंग्रहण (शोधनिबंधांचे)

आपल्या शोधनिबंधाची प्रत संशोधकाने स्वतःच संस्थेच्या किंवा विषयाच्या खुल्या भांडारात ठेवणे, म्हणजे स्वयंसंग्रहण. निबंध जर्नलमध्ये छापून येतोच. भांडारातली प्रत असते ती जर्नलची वर्गणी न परवडणाऱ्यांसाठी. मुक्त प्रवेशाच्या, म्हणजे संशोधन कोणालाही फुकट वाचता यावे याच्या, चर्चेत याला 'हरित' मार्ग म्हणतात. जर्नलनेच निबंध खुला केला तर तो 'सुवर्ण' मार्ग. तिथे बहुधा लेखकाला किंवा त्याच्या संस्थेला शुल्क मोजावे लागते.

भौतिकशास्त्रज्ञ छपाईपूर्व मसुदे एकमेकांना टपालाने धाडतच होते. ऑगस्ट १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी लॉस अलामॉस प्रयोगशाळेत ही देवघेव संगणकावर आणली. तेच आजचे 'आर्काइव्ह'. २००१ पासून ते कॉर्नेल विद्यापीठात आहे. गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमान यांनी गणितातल्या प्रसिद्ध प्वांकारे अनुमानाची सिद्धता २००२-०३ मध्ये केवळ इथेच ठेवली, जर्नलकडे पाठवलीच नाही. मात्र आर्काइव्हवर आले म्हणजे तपासून झाले, असे नव्हे. पेरेलमान यांचे काम पडताळायला जाणकारांना काही वर्षे लागली.

संस्थांना स्वतःची भांडारे चालवण्याची सॉफ्टवेअर पुढे मिळाली. साउदॅम्प्टन विद्यापीठाचे 'ईप्रिंट्स' २००० मध्ये आणि एमआयटी व ह्यूलेट-पॅकार्डचे 'डीस्पेस' २००२ मध्ये आले, दोन्ही फुकट. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००२ मध्येच भांडार उघडले, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनेही डीस्पेसवर स्वतःचे भांडार उभारले.

खरा घोळ होतो तो कोणती प्रत ठेवायची यावर. निबंधाची तीन रूपे असतात : जर्नलला पाठवलेला मसुदा, समीक्षकांच्या सूचनांनुसार सुधारून स्वीकारला गेलेला मसुदा, आणि प्रकाशकाने मांडणी करून छापलेली पीडीएफ. बहुतेक प्रकाशक मधल्या रूपाला परवानगी देतात, तीही पुष्कळदा सहा महिने, वर्ष किंवा त्याहून अधिक काळ थांबल्यावर. कोणत्या जर्नलचा काय नियम आहे, हे 'ओपन पॉलिसी फाइंडर' (पूर्वीचे 'शेर्पा रोमिओ') या सूचीत पाहता येते. पण ग्रंथपालाने मागितले की लेखकाकडून हमखास येते ती छापील पीडीएफ, म्हणजे नेमकी जी ठेवता येत नाही ती. स्वीकृत मसुदा एखाद्या जुन्या ईमेलला जोडलेला असतो, किंवा तेव्हा मसुदा सांभाळणारा विद्यार्थी एव्हाना संस्था सोडून गेलेला असतो. म्हणून निबंध स्वीकारल्याचे पत्र आले, की त्याच दिवशी ती फाइल जमा करावी हे उत्तम.

केवळ आवाहनाने भांडारे भरत नाहीत. बेल्जियमच्या लिएज विद्यापीठाने यावर रोकडा उपाय काढला : बढतीच्या वेळी 'ओर्बी' या भांडारात नोंदलेलेच लेखन विचारात घ्यायचे. भांडार झपाट्याने भरले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २००८ पासून स्वीकृत मसुदा 'पबमेड सेंट्रल' या खुल्या भांडारात जमा करणे सक्तीचे केले. निबंध खुला करायला बारा महिन्यांपर्यंत थांबण्याची सवलत होती, जुलै २०२५ पासून तीही उरली नाही. भारतात जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी डिसेंबर २०१४ मध्ये असे धोरण जाहीर केले. 'शोधगंगा' याच घरातली, पण तिथे प्रबंध असतात आणि ते विद्यापीठे जमा करतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने जर्नलांची वर्गणी एकत्र भरण्याची 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांच्या या योजनेचा लाभ सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना आणि केंद्राच्या संशोधनसंस्थांना मिळतो. स्वतंत्रपणे काम करणारा अभ्यासक किंवा स्वतःचा दवाखाना चालवणारा डॉक्टर तिच्या कक्षेत येत नाही. त्याला अजून लेखकाने भांडारात ठेवलेल्या प्रतीचाच आधार आहे.