स्वेतलाना : कवितेतून पाळण्यात आलेले नाव

रशियन बायकांची नावे आठवायला बसले की नताशा, ओल्गा यांच्या पाठोपाठ स्वेतलाना येतेच. कानाला ते फार जुने वाटते, कीव्हच्या राजेरजवाड्यांच्या काळातले असावे असे. प्रत्यक्षात ते जेमतेम सव्वादोनशे वर्षांचे आहे. शिवाय ते कोणा आजीने नातीला ठेवलेले नाही. एका भाषापंडिताने ते कवितेसाठी घडवले.

या पंडिताचे नाव अलेक्सांद्र व्होस्तोकोव्ह. त्याचा जन्म आजच्या एस्टोनियातल्या सारेमा बेटावरचा, घर जर्मन बोलणारे, मूळ आडनाव ओस्टेनेक. जर्मनमध्ये ‘ओस्ट’ म्हणजे पूर्व आणि रशियनमध्ये ‘व्होस्तोक’ म्हणजेही पूर्व. ओस्टेनेकचा व्होस्तोकोव्ह असा झाला. ज्याने स्वतःचे आडनावच भाषांतरित करून घेतले, त्याला नायिकेसाठी नवे नाव घडवणे काय अवघड! 1802 मध्ये त्याने ‘स्वेतलाना आणि म्स्तिस्लाव्ह’ हे कथाकाव्य लिहिले. त्यातला म्स्तिस्लाव्ह खरोखरच जुना, इतिहासात सापडणारा. स्वेतलाना मात्र त्याच्या शेजारी शोभेल अशी नव्याने बनवलेली.

‘स्वेत’ म्हणजे प्रकाश. संस्कृतातला ‘श्वेत’ याच मुळाचा. स्वेतलानाला घरी ‘स्वेता’ म्हणतात, तेव्हा आपल्याकडची श्वेता आणि मॉस्कोतली स्वेता या लांबच्या का होईना, चुलतबहिणी ठरतात.

व्होस्तोकोव्हच्या काव्याने नाव दिले, पण ते घराघरांत नेले वासिली झुकोव्स्कीने. त्याची ‘स्वेतलाना’ ही कथाकविता 1813 मध्ये छापून आली. मूळ कथानक जर्मन कवी ब्युर्गरच्या ‘लेनोरे’चे : मेलेला प्रियकर रात्री घोड्यावरून येतो आणि प्रेयसीला थडग्याकडे घेऊन जातो. झुकोव्स्कीने तिला रशियन घरात आणले. जानेवारीतल्या एका सणाच्या आदल्या संध्याकाळी मुली भविष्य पाहत आहेत, स्वेतलाना आरसा आणि मेणबत्ती घेऊन बसली आहे. पुढचे सगळे भयंकर निघते स्वप्न. सकाळी प्रियकर जिवंत दारात उभा. पुश्किनने ‘येवगेनी ओनेगिन’ या आपल्या पद्य-कादंबरीच्या पाचव्या प्रकरणाच्या माथ्यावर याच कवितेतल्या ओळी घातल्या, आणि 1836 मध्ये ब्र्युलोव्हने आरशासमोरची स्वेतलाना रंगवली.

एवढे कौतुक होऊनही मुलींना हे नाव ठेवता येत नव्हते. बाप्तिस्म्याचे नाव संतांच्या दिनदर्शिकेतलेच हवे, आणि स्वेतलाना नावाची कोणी संत नव्हती. मग लाडाने हाक मारायची ती फक्त टोपणनाव म्हणून. जहाजांना अर्थातच संत लागत नाहीत. 1858 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोत रशियन नौदलाचे ‘स्वेतलाना’ पाण्यात उतरले. त्याच नावाची पुढची क्रूझर 1905 मध्ये त्सुशिमाच्या लढाईत जपान्यांनी बुडवली. खऱ्या स्वेतलाना फारशा जन्मल्याही नव्हत्या, तेव्हा हे सगळे घडून गेले होते.

कोंडी फुटली ती 1917 च्या क्रांतीनंतर. जन्मनोंद चर्चकडून सरकारी कचेरीत गेली आणि आईबापांना मोकळे रान मिळाले. कोणी ऑक्टोबर क्रांतीवरून मुलीचे नाव ओक्त्याब्रिना ठेवले, कोणी लेनिन उलटा वाचून निनेल. या खटाटोपात स्वेतलाना फारच शहाणी निवड होती. संतांशी संबंध नाही, अर्थ प्रकाशाचा, आणि वर गोड.

1926 मध्ये स्तालिनच्या घरी मुलगी झाली, तिचे नाव स्वेतलानाच ठेवले. हीच स्वेतलाना पुढे भारतात आली. कालाकांकरच्या राजघराण्यातले कम्युनिस्ट ब्रजेश सिंह तिचे सहचर; त्यांच्याशी लग्नाची परवानगी सोव्हिएत सरकारने दिली नव्हती. 1966 मध्ये ते मॉस्कोत वारले. त्यांच्या अस्थी घेऊन ती आली, गंगाकाठच्या कालाकांकरला राहिली आणि मार्च 1967 मध्ये दिल्लीतल्या अमेरिकी वकिलातीत जाऊन तिने आश्रय मागितला. अमेरिकेत लग्नानंतर ती लाना पीटर्स झाली. वडिलांचे आडनाव तिने आधीच टाकले होते, आता नावही निम्मे राहिले.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पिढीत स्वेता गल्लोगल्ली झाल्या. अंतराळवीर साविट्स्काया आणि नोबेल मिळालेली बेलारूसची लेखिका अलेक्सियेविच, दोघी स्वेतलाना आणि दोघी 1948 च्याच. राकेश शर्मा ज्या सॅल्यूत-7 वर राहून आले, त्याच स्थानकाबाहेर साडेतीन महिन्यांनी, जुलै 1984 मध्ये, साविट्स्कायाने पाऊल टाकले; अंतराळात चालणारी ती पहिली स्त्री.

चर्चनेही पुढे वाट काढली. विहिरीवर येशूला भेटलेली समरियाची स्त्री ऑर्थोडॉक्स परंपरेत फोतिनिया म्हणून ओळखली जाते. ग्रीकमध्ये ‘फोस’ म्हणजे प्रकाश. ‘फोटो’ त्यातूनच आला. त्यामुळे आज एखादी स्वेतलाना बाप्तिस्मा घ्यायला गेली, की पाद्री तिला फोतिनिया म्हणतात. घरी आल्यावर ती पुन्हा स्वेता.